फराळाचा हिशोब किलोचा की तासाचा?



नवरात्र संपलं की फराळ करून विकणाऱ्या बायकांचे फोन वाजायला लागतात. चकली, चिवडा, शंकरपाळे, करंज्या, अनारसे, तीन तऱ्हेचे लाडू. शिवाय कुणाला बिनसाखरेचं हवं, कुणाला भाजक्या पोह्यांचं. आलेल्या ऑर्डरला नाही म्हणवत नाही. मध्यरात्रीपर्यंत कढई उतरत नाही आणि भाऊबीज झाल्यावर वही उघडली, तर हाती उरलेली रक्कम कष्टांच्या मानानं फार थोडी. याचं मला मनापासून वाईट वाटतं. या बायका हिशोबाला कच्च्या नसतात. पण त्या हिशोब किलोचा करतात. तो तासाचा करायला हवा.

समजा, सगळा खर्च वजा जाता किलोभर करंज्यांमागे 180 रुपये सुटतात आणि चकलीमागे 120. करंजी जास्त फायद्याची वाटते. पण करंजीची पारी लाटा, सारण भरा, कडा दाबा, कातण्यानं कापा, मंद आचेवर तळा. एका बाईचे दोन तास किलोभरातच गेले. तेवढ्याच वेळात सोऱ्यानं तीन किलो चकली पडते. म्हणजे करंजीत तासाला 90 रुपये आणि चकलीत 180. अनारशाचं तर विचारूच नका. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पीठ मुरवायचं आणि एखादा घाणा हसला की तूपही गेलं, वेळही गेला.

म्हणून करंजी टाकून द्या, असं मात्र मी म्हणणार नाही. करंजीशिवाय फराळाचा डबा कोण घेईल? पण ती सगळी आपणच केली पाहिजे असंही नाही. तिच्यावर जिचा हात बसलेला आहे, तिच्याकडून घ्या आणि तिला आपली चकली द्या. नाहीतर करंजीचा भाव वाढवा. हातकामाचे पैसे मागायला संकोच कशाला? आणि दिवाळीनंतर? थालीपिठाची भाजणी, मेतकूट ही कामं मला फार मोलाची वाटतात. भाजायचं, गिरणीतून दळून आणायचं, पिशव्या भरायच्या. तळण नाही, तुटफूट नाही, माल टिकतो आणि गिऱ्हाईक बारा महिने येतं.

हाताला जमणाऱ्या एका कामावर भर दिला की काय होतं, ते लिज्जत पापडाच्या गोष्टीत दिसतं. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली, ती एकाच पदार्थानं, पापडानं. पुढं कामाची विभागणी झाली: पीठ केंद्रावर मळायचं, लाटायचं आणि वाळवायचं सभासद बायकांनी आपापल्या घरी. म्हणजे प्रत्येकीचा वेळ तिच्या हाताला जमणाऱ्या कामातच जातो. खाकरा, मसाले आले ते 1970 नंतर, पापडाचा जम बसल्यावर. लिज्जतनं अगरबत्ती, काड्यापेट्याही करून पाहिल्या, पण त्यांत यश आलं नाही. नाव झालं ते पापडावरच.

माझं एवढंच सांगणं आहे. यंदा ऑर्डर घ्यायला लागाल, तेव्हा वहीत किलो आणि रुपये यांच्या शेजारी तिसरा रकाना आखा, तासांचा. त्यात बाजारहाट धरा, पॅकिंग धरा, मदतीला बसणाऱ्या सासूबाईंचे आणि मुलीचे तासही धरा. घरच्यांचे म्हणून ते फुकटचे मानू नका.