जिरले म्हणता, मोजले कुणी?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



नाला अडवला, बोअरमध्ये पुनर्भरणाचा पाइप सोडला, की फलक लागतो – इतके कोटी लिटर पाणी जिरले. काट्यावर वजन झाल्याशिवाय आपण कापूस देत नाही. मग पाण्याचा हिशेब अंदाजाने का घ्यायचा?

आपल्याखाली काळा पाषाण. अखंड पाषाणात पाणी राहत नाही. राहते ते भेगांत आणि मुरमात. मुरमातून उपसता येणारे पाणी साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे एका एकराखाली पातळी १ मीटर चढली, तर हाती आले सुमारे ८० हजार लिटर. त्याच एकराला ५ सेंटिमीटरचे एक ओलित द्यायला लागतात २ लाख. एका ओलितासाठी पातळी अडीच मीटर चढली पाहिजे!

ती चढली का, हे पाहता येते. जमिनीत एका रेषेत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात, आतल्या दोन सळयांमधला दाब मोजतात. कोरडा पाषाण विजेला जोराने अडवतो, ओला मुरूम कमी अडवतो. सळयांमधले अंतर वाढवले की आणखी खोलची खबर मिळते. बोअरची जागा पाहताना हे यंत्र एकदाच लावतात. खरा उपयोग दुसऱ्यांदा लावण्यात आहे. मे महिन्यात मोजा. त्याच जागी, त्याच अंतरांवर ऑक्टोबरात पुन्हा मोजा. खडक तोच आहे. खोलवर फरक दिसला तर तो मुख्यतः पाण्याचा.

पण सावध! चिकणमाती आणि खारे पाणीही विजेला वाट देतात. म्हणून यंत्राचा आकडा शेजारच्या विहिरीत दोरी सोडून ताडून पाहिलाच पाहिजे. ग्रेस नावाच्या उपग्रहांच्या जोडीने २००२ ते २०१७ पृथ्वीची ओढ मोजून भूजलाची घट दाखवली. २०१८ पासून दुसरी जोडी ते काम करते. पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरची. त्यात तुमचे शिवार दिसत नाही.

म्हणून आपली मागणी एकच: पुनर्भरणाच्या प्रत्येक कामाआधी आणि नंतर मोजणी व्हावी, आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. आणि आपण काय करायचे? गावातल्या दहा विहिरी ठरवा. महिन्यातून एकदा, रात्रभर उपसा बंद ठेवून, सकाळी पातळी वहीत लिहा. ज्याच्या वहीत आकडा नाही, त्याला दुसऱ्याचा आकडा मान्य करावा लागतो.