पट्टीवरचे सहा मिलिमीटर

(सहायक सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या दानातून पाड्यांवर काय होते, असे मंडळीत नेहमी विचारतात. विहीर, वसतिगृह, औषधपाणी हे दर अंकात येतेच. आज एका किड्याविषयी बोलतो.

मागच्या पावसाळ्यात पाड्यावरच्या एका तरुणाने मला फोटो पाठवला. दुधी रंगाचा भुंगेरा, पाठीवर गडद पट्टे. म्हाताऱ्यांनीही तो कधी पाहिला नव्हता. पोरांनी फोनवर शोधून ठरवले की हा बटाट्याचा कोलोराडो भुंगेरा, आता वांगी गेली! एक दुकानदार फवारणीचे औषध उधारीवर द्यायला तयारच होता. तुरीचे पैसे हाती यायला कितीतरी महिने. तोवर ही उधारी डोक्यावर. शिवाय शेतातले पाणी उतरते त्याच ओहोळात, जिथे बाया हंडे भरतात.

मी कळवले, औषध थांबवा, तीन फोटो पाठवा. एक वरून, एक बाजूने आणि एक तो ज्या झाडावर बसला होता त्या झाडाचा. किड्याशेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवा. जवळून काढलेल्या फोटोत मुंगीसुद्धा बैलाएवढी दिसते.

पट्टीवर लांबी भरली सहा मिलिमीटर. कोलोराडो भुंगेरा साधारण दहा मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या प्रत्येक कठीण पंखावर पाच काळे पट्टे असतात. इथले पट्टे तपकिरी, वेडेवाकडे. मिशा दोऱ्यासारख्या, म्हणजे ढालकिडाही नव्हे. त्याच्या मिशा आखूड, टोकाला जाडसर. पण खरा उलगडा तिसऱ्या फोटोने केला. झाड वांग्याचे नव्हतेच. बांधावरचे गाजर गवत होते!

हा मेक्सिकन भुंगेरा, शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. गाजर गवत खावे म्हणूनच तो मेक्सिकोतून आणला आणि तपासणी करून १९८४ साली बंगळूरला सोडला. भुंगेरे आणि अळ्या, दोन्ही त्या गवताची पाने फस्त करतात. पावसाळ्यात त्यांचा जोर, पुढे थंडीत जमिनीत दडून राहतात. त्या गवताने अंगाला खाज सुटते, दमा उठतो. निंदणीला जाणाऱ्या आपल्या बहिणींना हे सांगावे लागत नाही.

मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला धनी निदण उपटायला निघालेल्या चाकरांना थांबवतो, गव्हाची हानी होऊ नये म्हणून. आम्ही तर निदण खाणाऱ्यालाच मारायला निघालो होतो.

तरी फोटोवर सगळा भार टाकला नाही. चार भुंगेरे डबीत घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवले, तिथेही हेच नाव मिळाले. पूर्वी कर्नाटकात हा सूर्यफुलावर दिसला होता आणि त्यावर बराच वाद झाला. चौकशीत त्याचे खरे खाद्य गाजर गवतच ठरले, पण सूर्यफूल पेरणाऱ्यांनी पाने उलटून पाहत राहावे, असे आम्ही पाड्यावर सांगितले आहे.

औषधाची बाटली दुकानातच राहिली. त्या तरुणाने आता वही घातली आहे: तारीख, झाड, लांबी, फोटो. शेजारच्या पाड्यांतूनही मागणी आली आहे. पावसाळ्याआधी प्रत्येक पाड्याला एक भिंग, एक वही आणि एक पट्टी द्यायची आहे. घरात मुलांच्या जुन्या कंपासपेट्या असतील तर आणा. पट्टीवरचे आकडे तेवढे पुसलेले नकोत.