ट्रॅकमागचा संयोजक

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपर-मुलुंडकडच्या एका खोलीच्या स्टुडिओंत ट्रॅक बांधणारे प्रोग्रॅमर, वादक आणि ध्वनिमुद्रक आज या सभागृहात बसले आहेत. तेव्हा संमेलनाच्या अध्यक्षाने संगीताच्या महतीवर बोलण्यापेक्षा रोजच्या कामातला प्रश्न घ्यावा, हे बरे. संगणकावर केलेला ट्रॅक ऐकताक्षणी ‘कीबोर्डवरचा’ म्हणून ओळखू येतो, तो कसदार आणि स्वतंत्र वाटावा कसा? बाजाराचे उत्तर ठरलेले आहे: महागडे साउंड घ्या, नवे प्लगइन लावा, मास्टरिंग कडक करा. माझे मत असे की, ट्रॅक उघडा पडतो तो आवाजाच्या दर्जामुळे क्वचितच. त्यात संयोजकाने घेतलेले निर्णय नसतात, म्हणून पडतो.

आधी लय पाहू. रॉजर लिन यांच्या एलएम-1 या ड्रम मशीनने 1980 मध्ये ठोके आपोआप नेमक्या जागी बसवण्याची सोय आणली, 1983 मध्ये वाद्ये आणि संगणक एकमेकांशी जोडणारे मिडी आले आणि क्वांटाइझ करणे ही बोटांची सवय होऊन बसली. ते फार यांत्रिक वाटते अशी ओरड झाल्यावर ‘ह्युमनाइझ’चे बटण आले. साध्या रूपात ते करते एवढेच, की प्रत्येक ठोका फासे टाकल्यासारखा थोडा मागे किंवा पुढे फेकते. जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे उपयोगी आहे. माणसाचा ठोका साधारण 10 ते 20 मिलिसेकंद इकडेतिकडे होतो, पण हे हलणे सुटे-सुटे नसते. आत्ताच्या ठोक्याचे सरकणे बऱ्याच आधीच्या ठोक्यांशी बांधलेले असते. एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या ऐकवल्या, तेव्हा श्रोत्यांनी सुट्या चुकांपेक्षा अशा बांधलेल्या चुकांची आवृत्ती पसंत केली. आपल्या ढोलकीवाल्यांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नसती. अंतऱ्याकडे जाताना हात किंचित पुढे झुकतो, गायिकेने शब्द लांबवला की थांबून घेतो, समेवर पुन्हा बसतो. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट सरकले की घुमारा चढतो, आणि तो कुठे चढवायचा हे ओळीवर ठरते. लूपमधला घुमारा दर आवर्तनात त्याच जागी चढतो. तिथे कोणता शब्द आला आहे, याची त्याला खबरच नसते.

सुरांचीही तीच गत. तयार स्टाइलवर भावगीत बसवले की प्रत्येक मात्रेवर पूर्ण कॉर्ड वाजतो, दर आठव्या बारला ठरलेला फिल येतो, आणि गायकाने आंदोलन देऊन घेतलेला कोमल गंधार कॉर्डमधल्या ताठ गंधाराला जाऊन अडकतो. अशा जागी कॉर्डमधला गंधार काढून नुसते षड्ज-पंचम ठेवणे, किंवा दोन ओळी काहीच न वाजवणे, हा निर्णय आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. हिंदी चित्रपटसंगीतात अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा या गोव्याच्या संयोजकांनी जे केले, ते मोठ्या वाद्यवृंदाच्या जोरावर केले, असे आपण सहज म्हणतो. व्हायोलिनचा ताफा होताच. पण गाणाऱ्याच्या ओळीमागून जाणारी दुसरी ओळ कुठे सुरू करायची आणि कुठे सोडून द्यायची, हे ताफा ठरवत नव्हता.

यावर कोणी विचारील, म्हणजे यंत्रच टाकून द्यायचे का? मुळीच नाही. मुंबईच्या स्टुडिओंत वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये, मिडीच्याही आधी, रोलँडची तीन यंत्रे घेऊन दहा रागांची तबकडी काढली. तेव्हा तिला कोणी विचारले नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीताचे जाणकार चकित झाले. त्यात ठेका सरळ डिस्कोचा आहे, तो माणसाचा वाटावा अशी खटपटही नाही. राग पेलला आहे तो एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या सुरावटींनी. कुठे ताठ राहायचे आणि कुठे वळायचे, हे ठरलेले असल्यामुळे यंत्राचा ताठरपणाही तिथे शोभतो.

दुसरा आक्षेप ताजा आहे. दोन ओळी लिहून दिल्या की कृत्रिम बुद्धिमत्ता अख्खे, चकचकीत गाणे काढून देते. मग ही मेहनत कशाला? चकाकी मिळते, हे मान्य. पण ज्याने फक्त सूचना लिहिली, त्याच्या हातात त्या गाण्यातली एकही मात्रा नसते. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी 2025 च्या अहवालात जवळपास हेच म्हटले: नुसत्या सूचनेने कर्तृत्व सिद्ध होत नाही. श्रोत्यांना फरक कळत नाही, हा युक्तिवाद मात्र मला आळशी वाटतो. मोबाइलच्या स्पीकरवर बास हरवेल. गायकाच्या श्वासावर कोसळलेला फिल तिथेही टोचतो.

उरला पैशांचा प्रश्न, आणि तो खरा आहे. आठ वादक बोलावणे आज उपनगरातल्या निर्मात्याला झेपत नाही. एक झेपतो. तो बहुतेक वेळा बासरी किंवा गिटारच्या एका पीससाठी बोलावला जातो, ठेका लूपवरच राहतो, आणि त्याचे नावही कुठे येत नाही. तो एक वादक तालाचा असावा, त्याला क्लिकसोबत आधी गायकाचा आवाज ऐकवावा, बाकीचे प्रोग्रॅमिंग त्याच्या टेकवरून नव्याने बसवावे, आणि गाणे प्रसिद्ध करताना त्याचे व संयोजकाचे नाव गायकाच्या नावाखाली द्यावे, असा ठराव या संमेलनापुढे मी ठेवतो.