कमलापूरचे सरकारी हत्ती



जानेवारीत कमलापूरला हत्ती बघायला जायचा बेत असेल, तर निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करून घ्या. ऐन थंडीत दहाएक दिवस हा हत्तीकॅम्प पर्यटकांसाठी बंद ठेवतात, कारण तेव्हा हत्ती रजेवर असतात. थट्टा करत नाही, खरोखरीची वैद्यकीय रजा. औषधी झाडपाल्याचा काढा मोठ्या भांड्यात उकळतो आणि त्या गरम काढ्याने हत्तींचे पाय शेकतात. थंडीत तळव्यांना भेगा पडतात, काटे-खडे रुतून बसतात, एवढं वजन पेलणारे सांधे आखडतात. माहूत मंडळी या उपचाराला ‘चोपिंग’ म्हणतात. या दिवसांत पाहुणे नाहीत आणि फोटोही नाहीत. आपल्यापैकी ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे, त्यांना या हत्तींचा हेवा वाटला तर नवल नाही.

कमलापूर आहे गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला, अहेरी तालुक्यात. चंद्रपूरहून निघालात की बल्लारपूर, गोंडपिपरी, मग आष्टीला वैनगंगा ओलांडायची, पुढे आलापल्ली, आणि तिथून सिरोंच्याच्या रस्त्याला लागायचं. वनखात्याच्या सिरोंचा विभागात हा कॅम्प येतो. महाराष्ट्रातला तो एकमेव शासकीय हत्तीकॅम्प. एरवी कमलापूरचं नाव वर्तमानपत्रांत यायचं ते वेगळ्याच कारणाने. 1984 साली इथे भरणार असलेली आदिवासी शेतकऱ्यांची परिषद पोलिसांनी होऊ दिली नाही, आणि नक्षल चळवळीच्या इतिहासात हे गाव कायमचं नोंदलं गेलं. त्याच गावात आज शाळेच्या सहली हत्ती बघायला येतात.

पण हत्ती इथे आलेच कसे? बघायला म्हणून ते कोणी आणले नव्हते. ते आले ओझी ओढायला.

आलापल्लीचा सागवान ज्याने पाहिला आहे, त्याला यापुढचं सांगावं लागणार नाही. ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी आलापल्लीजवळचं ‘वनवैभव’ जरूर पाहावं. सहा हेक्टरांचा तो तुकडा तोडीपासून मुद्दाम वाचवून ठेवलेला आहे आणि 2014 पासून त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे. मान मागे टाकून पाहिलं तरी शेंडा नीट दिसत नाही, अशी झाडं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारपूरहून जे सागवान वाजतगाजत रवाना झालं, ते याच मुलखातलं. आता कल्पना करा, असं झाड उताराच्या नाल्यात, रस्ता नसलेल्या रानात पाडलं आहे. त्याचा ओंडका बैलगाडीच्या वाटेपर्यंत आणायचा कसा? बैलांची जोडी तिथे पोचत नाही. ट्रकसाठी रस्ता करायचा, तर त्या रस्त्यापायी आणखी झाडं पाडावी लागतात. हत्तीला रस्ता लागत नाही. तो चिखलातून जातो, दगडांतून जातो, ओंडका साखळीने ओढतो, सोंडेने आणि कपाळाने रेटून रचतोसुद्धा. म्हणून साठच्या दशकात वनखात्याने या भागात हत्ती आणले. आधी बाकीच्या जंगलात त्यांच्याकडून ओढकाम करून घेतलं, आणि पुढे कमलापूर हा त्यांचा कायमचा ठिय्या झाला.

मग क्रेन आली, ट्रॅक्टर आले, जंगलात रस्ते झाले. तोडीवर निर्बंध आले. हत्तींचं काम हळूहळू संपलं, हत्ती मात्र उरले. त्यांना पिल्लं झाली. हत्तिणीचं गरोदरपण 22 महिन्यांचं, त्यामुळे हा कुटुंबकबिला सावकाशच वाढला. बसंती, मंगला, रूपा, राणी, प्रियंका, लक्ष्मी, अजित, गणेश ही नावं आता या भागातल्या लहान पोरांनाही पाठ आहेत.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फाळ प्रदेशात, जवळजवळ त्याच काळात असंच काहीसं घडलं. तिथे घसरगाडी ओढणारी हस्की कुत्री म्हणजे वाहतुकीचा कणा होती. 1925 साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांची साखळी करूनच औषध पोचवावं लागलं होतं. साठच्या दशकात इंजिनावर चालणाऱ्या बर्फगाड्या आल्या आणि गावागावांतून कुत्री कमी होऊ लागली. ती विद्या बुडू नये म्हणून अलास्कात 1973 पासून हजार मैलांच्या आसपासची मोठी शर्यत भरू लागली, आणि बाकीचा भार पर्यटकांनी उचलला. आज आपली मराठी कुटुंबंही फिनलंडच्या लॅपलँडमध्ये जाऊन त्या गाडीत बसतात. तिथल्या मूळ सामी लोकांचा प्राणी रेनडिअर, हस्की तिथे आले ते बरेचसे पर्यटनासाठी, पण हे सहसा कोणी विचारत नाही. तिथे जाऊन आलेली माणसं वेगाबद्दल फारसं बोलत नाहीत, हे मला लक्षणीय वाटतं. त्यांच्या बोलण्यात येतं ते गाडी सुटण्याआधीचं कुत्र्यांचं आतुर भुंकणं, गाडी सुटताच पसरणारी शांतता, आणि परतल्यावर कुत्र्यांच्या गळ्यात गळा घालून बसणं. काम येणारं जनावर आपलं काम करताना जवळून बघायला मिळतं, मजा ती आहे.

कमलापूरलाही खरी मजा हत्तीच्या पाठीवर बसण्यात नाही. ती त्याचा दिवस बघण्यात आहे. दिवसाचं सगळं आटोपलं की हत्ती रानात चरायला सोडतात. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या घरात चारा लागतो, तो माणसाने कापून पुरवायचा म्हटलं तर माणसंच पुरणार नाहीत. म्हणून बांबू, गवत, झाडाच्या साली, जे हवं ते त्याने स्वतः शोधावं. सकाळी माहूत आणि त्यांचे मदतनीस, म्हणजे चाराकटर, हत्तींना शोधायला निघतात. मातीत उमटलेले पाय, मोडलेला बांबू, ओली लीद, सगळं वाचत वाचत जायचं. रात्रीतून हत्ती कुठल्या नाल्याला उतरला असेल, कोण कोणासोबत असेल, याचा अंदाज जुन्या माहुताचा सहसा चुकत नाही. ज्याला हे शोधणं जमतं तो माहूत, नुसतं मानेवर बसता येणारा नव्हे.

हत्ती परत आले की तलावावर अंघोळ. आलेल्या माणसांची गर्दी असते ती या वेळी. एवढं धूड कुशीवर आडवं होतं, डोळे मिटतं, आणि माणूस त्याची पाठ खसाखसा घासत असतो. मग कणिक, तांदूळ, गूळ, मीठ असा खुराक. राणीने कोणाच्या वाट्याचं पळवलं, अजितने कोणाला ढुशी दिली, याची समालोचनं माहुताकडून ऐकावीत. शहरातून आलेली मुलं पहिली पाच मिनिटं फोनमधून बघतात. पिल्लू पाण्यातून बाहेर यायला नकार देतं आणि आई मागून ढकलते, तेव्हा फोन खाली जातो. ताडोब्यात जिप्सीत बसून वाघाची वाट पाहताना जी धाकधूक असते, की दिसेल का, किती वेळ दिसेल, पैसे फुकट तर नाही ना जाणार, ती इथे नाही. कमलापूरचा हत्ती दिसतोच, आणि तासभर दिसतो. माझ्या मते, एखादा प्राणी खरोखर कळावा यासाठी तो तासभर फार मोलाचा आहे.

अर्थात सगळं गोड नाही. पाळीव म्हटला तरी हत्ती हत्तीच असतो. 2019 मध्ये ताडोब्यात गजराज नावाच्या हत्तीने वनखात्याच्याच एका कर्मचाऱ्याचा जीव घेतला होता. इकडे कमलापूरला 2020 मध्ये आदित्य आणि 2021 मध्ये सई ही पिल्लं दगावली, तेव्हा कॅम्पला कायमचा पशुवैद्यक का नाही, असा प्रश्न जिल्ह्यात सगळ्यांनी विचारला. तो प्रश्न रास्त होता.

आणि मग 2022 ची गोष्ट. कमलापूरचे काही हत्ती, शिवाय गडचिरोलीतल्याच पातानीलचे आणि ताडोब्याचे, गुजरातेत जामनगरच्या खासगी हत्ती केंद्रात पाठवायचे ठरले. तिकडे उपचाराच्या सोयी उत्तम आहेत, असं कारण दिलं गेलं. पातानीलचे आणि ताडोब्याचे हत्ती गेले. कमलापूरचे मात्र गेले नाहीत, कारण गाव आडवं आलं. मोर्चे निघाले, निवेदनं गेली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गावकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: सोयी हव्यात ना, मग त्या इथे आणा. ज्या जिल्ह्यातून लाकूड बाहेर जातं, खनिज बाहेर जातं, तिथून आता हत्तीही बाहेर जाणार, हे लोकांना सोसलं नाही. हत्तींमुळे चहाची टपरी चालते, हे खरंच. पण तेवढ्यासाठी कोणी रस्त्यावर उतरत नाही.

या कॅम्पचं महत्त्व आणखी एका कारणाने वाढलं आहे, आणि ते पर्यटनाशी संबंधित नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडकडून जंगली हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. कुरखेडा, कोरची, धानोरा, आरमोरी या उत्तरेकडच्या भागात कित्येक पिढ्यांनी असा कळप पाहिला नव्हता. कापणीला आलेला धान तुडवला गेला, घरं पडली, माणसंही मेली. उत्तरेकडचा शेतकरी रात्र रात्र मशाली घेऊन जागतो आणि दक्षिणेकडे त्याच जिल्ह्यात लोक पिल्लाची अंघोळ बघून टाळ्या पिटतात. हत्ती कशाने बिथरतो, वारा कोणत्या बाजूने असताना त्याच्या जवळ जाऊ नये, पिल्लू सोबत असेल तर किती लांब राहावं, हे ज्यांच्या अंगवळणी पडलं आहे अशी माणसं या जिल्ह्यात थोडी आहेत, आणि त्यातली बरीचशी कमलापूरला माहूत किंवा चाराकटर म्हणून काम करतात. त्यांतली जुनी माणसं निवृत्त होत चालली आहेत. त्यांच्या हाताखाली नवी पोरं भरती करायची असतील, तर ती आत्ताच करायला हवीत. हत्तीशी ओळख व्हायला माणसाला काही वर्षं लागतात.