दारं कोण धरतं?



अध्यक्षाने शास्त्राच्या थोरवीपासून सुरुवात करावी, असा रिवाज आहे. मी दुखण्यापासून करतो, कारण आपण नागपुरात जमलो आहोत. मध्य भारतातल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराविषयी शुक्ला आणि सोलंकी यांनी 1958 साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. आज विदर्भात 'एएस पॅटर्न' (वाहक), 'एसएस पॅटर्न' (रुग्ण) हे शब्द सोयरीक जुळवतानाही निघतात.

रोगाचं मूळ तेव्हाच सापडलं होतं. हिमोग्लोबिनच्या साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी 1957 पर्यंत दाखवलं होतं. मग त्या ज्ञानावर उभं राहिलेलं जनुक-संपादनाचं औषध यायला 2023 का उजाडलं? कारण चुकलेलं जनुक वाचणं वेगळं आणि जनुकं चालू-बंद कोण करतं हे कळणं वेगळं.

रात्री उसाला दारं धरलेल्यांना हे समजवायला नको. पाट एकच, पण पाणी कुठल्या वाफ्याला आणि किती वेळ, हे फावडं हातात असलेला ठरवतो. आपल्या जीनोमच्या 3 अब्ज अक्षरांत प्रथिनांचा मजकूर जेमतेम दोन टक्के. उरलेल्याला 'जंक' म्हणून मोकळे झालो होतो. (त्यात अडगळ पुष्कळ असेलही, 2012 मध्ये 'एन्कोड' प्रकल्पाने 80 टक्के भाग कार्यरत ठरवला, त्यावरची भांडणं मी अजून चवीने वाचतो.) पण जनुकं चालू-बंद करणारी दारं आहेत ती त्याच पसाऱ्यात.

सिकलसेल असलेली तान्ही बाळं बरी दिसतात, कारण त्यांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. जॅनेट वॉटसन यांनी हे 1948 मध्येच ताडलं होतं. पुढे तो वाफा बंद होतो. बंद कोण करतं? ब्रिटनमधली जुळी भावंडं आणि सार्डिनियातले लोक यांच्या जीनोमनी बोट दाखवलं बीसीएल11ए या जनुकाकडे. 2008 मध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत ते पक्कं झालं. पण ते जनुकच मोडावं, तर बी-पेशींना आणि मेंदूलाही त्याची गरज. 2013 मध्ये त्याच जनुकाच्या पोटात असं एक दार सापडलं, जे तांबड्या पेशींच्या वंशातच कामाला येतं. मग 2015 मध्ये क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या हत्याराने त्या पट्ट्यात शेकडो ठिकाणी चिरा पाडल्या, गर्भातलं हिमोग्लोबिन कुठल्या पेशींत वाढलं ते पाहिलं, आणि नेमकी नाजूक जागा हाती आली. वायरमन एकेक फ्यूज काढून कुठला दिवा विझतो ते बघतो, तसंच. या हत्यारांचा मोठेपणा मला इथे दिसतो: ती तर्क करत बसत नाहीत, मोडून बघतात.

2023 चं ते औषध, कॅसगेव्ही, याच जागेवर वार करतं. चाचणीतल्या 31 पैकी 29 रुग्णांना सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. पण या उपचाराआधी केमोथेरपी सोसावी लागते, आणि अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. गडचिरोलीच्या रुग्णाला आज मिळते ती हायड्रॉक्सियुरियाची स्वस्त गोळी. तीही गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवते, हे विसरू नका.

आता आपल्या घरचा प्रश्न. भारतातल्या सिकलसेल रुग्णांत आढळणाऱ्या अरब-भारतीय हॅप्लोटाइपबरोबर (एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकीय फरकांच्या संचाबरोबर) गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच जास्त येतं. तरी एकाच घरात एक भाऊ नांगर धरतो आणि दुसरा दर पावसाळ्यात दवाखान्यात असतो. त्या दोघांची दारं कुठे वेगळी आहेत, हे सार्डिनियाच्या रक्तातून कसं कळणार? उद्या दुपारचं सत्र मी या दोन भावांसाठी मोकळं ठेवायला सांगितलं आहे. भामरागड-धारणीकडून आलेल्या आरोग्यसेविका आधी बोलतील, प्रयोगशाळावाले नंतर.