घर आणि भोंवताल

गेल्या उन्हाळ्यांत माझ्या मुलानें नव्या घराचा नकाशा मजपुढें ठेविला. जालन्याचें आमचें जुनें माळवदी घर पाडून तेथें सिमेंटचें दुमजली घर बांधावयाचें होतें. नकाशा सुबक होता. मात्र त्यांत चौक नव्हता.

मीं म्हटलें, "पाडावयाचें तें पाडा, पण या जुन्या घरास काय कळत होतें, तें आधीं पाहा." जाड भिंती आणि कडीपाटावरील पांढऱ्या मातीचा थर यांतून ऊन फार सावकाश आंत येई, रात्रीं चौकांतून उष्मा निघून जाई. येथील काळी जमीन पावसांत फुगते, उन्हांत भेगाळते. म्हणून पाया खालच्या मुरुमापर्यंत नेलेला.

याचें नवेपणाशीं वैर नाहीं. चार्ल्स कोरिया यांनीं १९८० नंतरच्या दशकांत नवी मुंबईंत बेलापूर येथें वसाहत उभारली, ती आधुनिकच. तरी तेथें सात-सात घरें एकेका चौकाभोंवतीं बसविलीं आणि प्रत्येक घरास स्वतःचें अंगण दिलें. लॉरी बेकर यांनीं केरळांतील दमट हवेसाठीं विटांच्या जाळीदार भिंती रचिल्या. ती जाळी जालन्याच्या कोरड्या झळांत तशीच उचलून आणावी, असें मी म्हणणार नाहीं. दोघांनींही आधीं जागेस विचारलें, मग रेघ ओढली. घेण्यासारखें तें हेंच.

मुलानें नकाशा पुन्हा काढविला. एक खोली गेली, चौक आला. खोली गेली म्हणून सूनबाई अद्याप नाराज आहेत. येत्या वैशाखांत निकाल त्यांनींच द्यावा.