परतायला जागा हवी



धामणगाव बढे इथं पदवी घेणाऱ्या मुलामुलींपुढं उभं राहून ‘गाव सोडू नका’ असं सांगितलं की टाळ्या हमखास मिळतात. मी ते सांगणार नाही. मलकापूरला गाडी पकडा, पुणं गाठा, बंगळुरू गाठा, जमलं तर देशही ओलांडा. गेलेल्याला कृतघ्न ठरवायची आपल्याकडे फार घाई असते.

गेलेले परतही येतात. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस कॉस्मिक किरणांचा अभ्यास करत अमेरिकेत एमआयटीपर्यंत पोचले होते. पुण्याचे वसंत गोवारीकर बर्मिंगहॅमला डॉक्टरेट करून इंग्लंडमध्येच संशोधनात रमले होते. दोघांना भारताचं अवकाश संशोधन उभं करणाऱ्या विक्रम साराभाईंनी बोलावलं आणि दोघं आले. देशप्रेम होतंच, पण तेवढ्यावर माणूस येतो असं मला वाटत नाही. साराभाईंकडे द्यायला काम होतं. केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट तळावर चर्चच्या इमारतीत कचेरी, रॉकेटचे भाग सायकलवरून न्यायचे, १९६३ साली उडालेलं पहिलं रॉकेटही अमेरिकन. पण रॉकेटचं घन इंधन इथं तयार करायचं आहे, ते तुम्ही करा, असं तिशीतल्या गोवारीकरांना सांगणारा माणूस तिथं होता. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ या भारतीय प्रक्षेपक यानानं रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या यानाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. चिटणीसांकडे ‘साइट’ प्रयोगाची धुरा आली आणि १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोचली.

आता उलटी गोष्ट ऐका. सोव्हिएत संघानं ‘बुरान’ हे अंतराळयान बांधलं. १५ नोव्हेंबर १९८८ ला ते माणसाविना पृथ्वीभोवती फिरून आपोआप धावपट्टीवर उतरलं. पुन्हा कधी उडालं नाही. देश फुटला, पैसा आटला, १९९३ मध्ये प्रकल्प बंद झाला आणि २००२ मध्ये बैकोनूरच्या अवकाश तळावरच्या हँगरचं छत कोसळून ते यान चिरडलं गेलं; आठ कामगारही गेले. शास्त्रज्ञांची विद्या एका रात्रीत आटली नव्हती, पगार आटले होते. त्यांच्यातली शस्त्रं बनवणारी माणसं भलत्यांच्या हाती लागू नयेत म्हणून अमेरिका, युरोप आणि जपाननं रशियाच्या साथीनं १९९४ मध्ये मॉस्कोत एक केंद्र सुरू केलं आणि त्यांना नागरी संशोधनासाठी पैसे दिले. ज्यांच्याशी चाळीस वर्षं स्पर्धा केली, त्यांच्याच पैशावर प्रयोगशाळा चालवायची वेळ आली!

आपल्याकडे एवढं नाट्य घडत नाही. नेट-सेट झालेला, पीएच.डी. असलेला मुलगा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. सुट्टी लागली की मानधन बंद. चाळिशी येते, लग्नाच्या बैठकीत ‘कायम आहे का?’ हा प्रश्न येतो. तो एक दिवस कोचिंग क्लासला जातो किंवा बँकेची परीक्षा देतो. विमानतळावर कुणी त्याला निरोप द्यायला जात नाही, म्हणून याला आपण ‘ब्रेन ड्रेन’ म्हणत नाही. पण महाविद्यालयाच्या याच वर्गांतून पुढं इस्रोत जाणारी मुलं घडायची असतात.

म्हणून शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी नाहीत, पुढच्या रांगेतल्या संस्थाचालकांसाठी आणि मंत्रालयासाठी आहेत. विज्ञानाच्या रिक्त जागा पूर्ण वेळ भरा. आणि जाहिरात काढाल तेव्हा परदेशातूनही अर्ज करता येईल एवढी मुदत तरी तिच्यात ठेवा.